माझ्या अमेरिकेची घरगुती तयारी

आईला सगळ्यात आधी आवडला तो शब्द ‘ऑब्स्टिनेट’. मी स्वयंपाकघराच्या दारात बसून जीआरईच्या पुस्तकातले शब्द मोठ्याने पाठ करत होते आणि ती मोरीजवळ पाटावर बसून कोलंबी सोलत होती.

“ह्याचो अर्थ काय गो?” तिने विचारलं.

“हट्टी. कुणाचं न ऐकणारा.”

तिने तो शब्द दोनदा तोंडात घोळवला, बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेल्या बाबांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, “म्हणजे ह्यांच्यासाठी इंग्रजीत वेगळो शब्द हा तर.”

बाबांनी पेपरचं पान उलटलं. ऐकू आलं असणारच. घाटकोपरला भटवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत न ऐकू येण्यासारखं काही नव्हतं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यातली ही गोष्ट. बाबा माहुलकडच्या एका रिफायनरीत ऑपरेटर होते, शिफ्टची ड्युटी. आई मालवणकडची, गावच्या शाळेत सातवी शिकलेली. घरात ती मालवणी बोलायची, आम्ही मुंबईचं मराठी, आणि दोन्ही बाजूंना त्यात काही वेगळं वाटत नसे. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. पास व्हायचं, एखाद्या औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला लागायचं, इथपर्यंतच माझं डोकं चालत होतं. त्याच्यापुढे ते नेलं आमच्या विभागप्रमुख बाईंनी.

बाई एका दुपारी लॅबमध्ये माझ्या टेबलाशी थांबल्या. “पुढे काय करणार?” मी क्वालिटी कंट्रोलचं सांगितलं. त्या म्हणाल्या, “नोकरी काय, कधीही मिळेल. बाहेर अर्ज कर. अमेरिकेत. पीएच.डी.साठी.” ब्युरेट नीट धुऊन ठेव असं सांगावं तितक्या साध्या आवाजात त्या हे बोलल्या आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या. मी ब्युरेट हातात धरून उभी राहिले. परीक्षेत पेपर हातात पडल्यावर सगळे प्रश्न येतात असं दिसलं की होतं ना, तसं झालं होतं.

घरी सांगितलं तेव्हा बाबांनी विचारलं, “अमेरिकेत आपलं कोण आहे?”

“कुणी नाही.”

“मग?”

ह्या ‘मग’ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आई म्हणाली, “इचारूक काय पैशे पडतत? इचारून बघू दे.”

विचारायलाही पैसे पडतात, हे आम्हाला थोड्याच दिवसांत कळलं. तिकडच्या प्रवेशासाठी जीआरई नावाची परीक्षा द्यावी लागे, तिची फी डॉलरमध्ये. डॉलरचा ड्राफ्ट काढायला बँकेत कागदांवर कागद. मी संध्याकाळी दहावीच्या मुलींना गणित शिकवायचे, ते साठवलेले पैसे ह्या फीत गेले. पण ड्राफ्ट हातात आला तेव्हा मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही. त्यावर माझं नाव टाइप केलेलं होतं आणि पुढे डॉलरची खूण. घरी येईपर्यंत मी पर्स तीन-चार वेळा उघडून तो बघितला.

मग शब्द सुरू झाले. जीआरईचं ते जाडजूड पुस्तक मी एका सीनियर मुलीकडून मागून आणलं होतं. त्यातले शब्द असे होते की कॉलेजातल्या इंग्रजीच्या सरांच्या तोंडूनही मी ते कधी ऐकले नव्हते. एकटी वाचत बसले की डोळे मिटायचे. आईबरोबर वाचताना मिटायचे नाहीत, कारण ती प्रत्येक शब्दाला एक माणूस शोधायची. ‘फ्रुगल’ म्हणजे काटकसरी, ती स्वतः. ‘टॅसिटर्न’ म्हणजे मोजकं बोलणारा, तेही बाबाच. ‘टेपिड’ म्हणजे कोमट, हे कळल्यावर ती म्हणाली, “मग सरळ कोमट म्हणूक काय होता त्यांका?” आणि ‘गॅर्‍युलस’ म्हणजे अखंड बडबड करणारी, ती खालच्या मजल्यावरची काकू.

ही काकू एकदा नारळ मागायला आली आणि नेहमीप्रमाणे दारातच तासभर उभी राहिली. शेवटी आई तिला प्रेमाने म्हणाली, “तुम्ही म्हणजे अगदी गॅर्‍युलस हां, वहिनी.”

“म्हणजे काय हो?”

“आमची पोरगी शिकते ना, त्यातला शब्द आहे. भरभरून बोलणारी.”

काकू इतकी खूश झाली की दुसऱ्या दिवशी तिने जिन्यात दोघीतिघींना सांगितलं, मला इंग्लिशमध्ये गॅर्‍युलस म्हणतात. मी पुस्तकात तोंड खुपसून हसत होते. पुढे परीक्षेत विरुद्धार्थी शब्दांच्या प्रश्नात हाच शब्द आला. हॉलमध्ये शेजारच्या मुलाने माझ्याकडे वळून पाहिलं, म्हणजे मी मोठ्याने हसले असणार.

दुसरी परीक्षा बोललेलं इंग्रजी ऐकून समजण्याची होती. अमेरिकन माणसं बोलतात कशी, हे मला कुठे माहीत होतं? बाबांचा एक जुना रेडिओ होता. त्यावर शॉर्टवेव्हला परदेशी केंद्रं लागायची, पण खरखर फार. मी कान लावून बसलेली असताना एका सकाळी बाबा आले, मला बाजूला व्हायला सांगितलं आणि काटा केसभर हलवला. वर्षानुवर्षं वाल्व्ह फिरवलेली ती बोटं. आवाज स्वच्छ झाला.

“नाकातून बोलतोय हा,” बाबा म्हणाले.

“हो. तेच शिकायचंय.”

त्यानंतर ज्या आठवड्यात त्यांची सकाळ मोकळी असेल त्या आठवड्यात स्टेशन लावायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. अमेरिकेबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. पण बातम्या संपल्या की विचारायचे, “आता काय म्हणाला शेवटी?” आणि मी सांगितलेलं नीट ऐकून घ्यायचे. आई मला आतून हळूच डोळ्यांनी खुणावायची, की बघ.

परीक्षा चांगल्या गेल्या. मार्क आले ते बघून बाई पहिल्यांदाच मोकळं हसल्या. आता अर्ज. प्रत्येक विद्यापीठाची अर्जाची फी वेगळी, तीही डॉलरमध्ये. बाईंनी युक्ती सांगितली: सरळ लिही, सध्या फी भरता येत नाही, तरी माझा अर्ज विचारात घ्याल का. मी निळ्या एरोग्रामांवर तसं लिहून पाठवलं. काहींनी उत्तर दिलं नाही, काहींनी नियम कळवले, आणि काहींनी लिहिलं, पाठव, फीचं बघू. त्यांच्याकडेच मी अर्ज केले. लोक मला पुढे विचारायचे, तू ते विद्यापीठ का निवडलंस? खरं सांगायचं तर त्यांच्या भलेपणाने ते निवडलं गेलं.

अर्जासोबत मला काय शिकायचंय आणि का, ह्यावर निबंध लिहायचा होता. माझा पहिला खर्डा विज्ञानाची सेवा आणि मानवजातीचं कल्याण वगैरेंनी भरलेला होता. बाईंनी तो अर्धा वाचून परत दिला. “हे कुणीही लिहील. तुला रसायनशास्त्र आवडायला लागलं कधीपासून?”

मी विचार केला. आमच्या मागच्या टेकडीवर चढलं की संध्याकाळी लांब दक्षिणेला रिफायनरीच्या चिमणीवरची ज्योत दिसायची. मी पाच-सहा वर्षांची असताना बाबांनी मला खांद्यावर बसवून ती दाखवली होती. “तिथे मी असतो,” ते म्हणाले. मी विचारलं होतं, काय जळतंय? ते म्हणाले होते, उरलेलं. पुढे कित्येक दिवस मी त्यांना विचारत राहिले, उरलेलं म्हणजे काय, कशातून उरलेलं, आणि त्यातूनही काही करता येत नाही का.

“हे लिही,” बाई म्हणाल्या.

लिहिलं. टायपिंगच्या क्लासमध्ये जाऊन टाइप करून घेतलं. टाइप करणारी मुलगी मध्येच थांबून म्हणाली, “चांगलं आहे गं. इथे रोज नुसते नोकरीचे अर्जच येतात.” मला इतका आनंद झाला की मी तिच्यासाठी खालून वडापाव आणला.

होळी झाल्यावर एका विद्यापीठाचं पाकीट आलं. पोस्टमनने ते जिन्यातच हातात दिलं आणि मी तिथेच पायरीवर बसून फोडलं. प्रवेश मिळाला होता. दुसऱ्या सेमिस्टरपासून लॅबमध्ये विद्यार्थ्यांना शिकवायचं काम आणि त्याचा पगार, फी माफ. पहिलं सेमिस्टर मात्र आमचं आम्ही बघायचं. मी धावत वर गेले. आईचे हात भाकरीच्या पिठाने माखलेले. मी मराठीत करून वाचलं, तर म्हणाली, “परत वाच.” परत वाचलं. “आता इंग्रजीत वाच.” तेही वाचलं. मग तिने पिठाच्या हातांनीच माझा चेहरा धरला.

बाबा ड्युटीवरून आले आणि बूट न काढता दारात उभ्या उभ्या त्यांनी पत्र वाचलं. “शिकायला जायचं आणि वर पगार देणार?” ते म्हणाले. “असं असतं तिकडे?”

“असतं.”

“मग पहिल्या सेमिस्टरचं करायला पाहिजे.”

बस, इतकंच. त्या पहिल्या ‘मग’चं उत्तर त्यांनी स्वतःच दिलं होतं.

बाबांनी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढायचा अर्ज केला. बाईंनी एका ट्रस्टचं नाव सुचवलं, ते परदेशी शिक्षणाला कर्ज द्यायचे. तिथे मुलाखत होऊन माझं कर्ज मंजूरही झालं. राहिलं विमानाचं तिकीट. तेव्हा आईने जाहीर केलं, “तिकीट माझ्याकडे लागला.”

दर उन्हाळ्यात ती घरचा वर्षाचा मालवणी मसाला करायची आणि चवीला म्हणून शेजारी दोन घरी द्यायची. त्या वर्षी तिने अख्ख्या चाळीत, बाजूच्या बिल्डिंगीत, बाबांच्या ओळखीत सांगून टाकलं, मसाला विकत हवा असेल त्याने आत्ताच सांगावं. काकू कामाला लागली. तिच्या बोलण्याचा असा उपयोग होईल हे कुणाला वाटलं नव्हतं. आठवड्याभरात पार स्टेशनपलीकडून बायका आल्या. समोरच्या बिल्डिंगीतल्या गुजराती बेननीही मागितला, फक्त लसणाचा हात लावू नका म्हणाल्या.

गच्चीवर चादरी पसरून मिरच्या वाळत घातल्या. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. त्यांची राखण माझ्याकडे. माझी एम.एस्सी.ची परीक्षा तोंडावर, म्हणून मी डोक्यावर ओला पंचा टाकून, एका हातात रिअ‍ॅक्शनांच्या नोट्स आणि दुसऱ्या हातात कबुतरांसाठी काठी घेऊन बसायचे. खाली आई धणे, खसखस, दगडफूल भाजायची आणि जिन्यातून वर येणारा प्रत्येक जण शिंकायचा. कुणी रागावलं नाही. “चालू आहे वाटतं अमेरिका,” असं म्हणून नाक पुसत निघून जायचे. माझ्या कपड्यांना, केसांना, वह्यांना तो वास चिकटला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक मला पहिला प्रश्न विचारण्याआधी दोनदा शिंकले. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

तिकिटाचे पैसे जमत आले आणि अडलं भलत्याच ठिकाणी. ट्रस्टला जामीनदार हवा होता, स्वतःच्या नावावर घर असलेला. आमच्या ओळखीत सगळे भाड्याच्या खोल्यांतले. स्वतःचं घर असलेला एकच माणूस होता, आणि त्याचं नाव आमच्या घरात काढायचं नाही असा अलिखित नियम होता.

ते बाबांचे जुने मित्र, माहुलचे कोळी, बाबांबरोबर एकाच प्लांटवर. मी लहान असताना हे काका दर शनिवारी ताजी मासळी घेऊन यायचे. मग कंपनीत एक संप झाला. ते गेटबाहेर बसले, आणि आई आजारी असल्यामुळे पगार बुडवणं परवडत नव्हतं म्हणून बाबा आत गेले. संप मिटला, पण ह्या दोघांचं मिटलं नाही. त्यानंतर वर्षानुवर्षं दोघं एकाच कंट्रोल रूममध्ये शेजारी बसत आणि एकमेकांशी फक्त प्रेशर आणि टेंपरेचर ह्यांपुरतं बोलत.

“मी सांगूचंय नाय त्याका,” बाबा म्हणाले. रागात तेही मालवणीवर यायचे.

आईने वाद घातला नाही. पुढच्या रविवारी काकांची सुट्टी होती; बाबा ड्युटीवर गेल्यावर ती मला म्हणाली, “साडी नेस. माहुलाक जाऊचा हा.”

चेंबूरला बस बदलून आम्ही गेलो. एका बाजूला टाक्या आणि चिमण्या, दुसऱ्या बाजूला खाडीच्या चिखलात टेकलेल्या होड्या, बांबूच्या वलांडीवर सुकणारे बोंबील. काका ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसले होते. आईला बघून उठले.

“वहिनी, तुम्ही?”

“मुलीच्या कामासाठी आलेय,” आई म्हणाली. “त्यांनी पाठवलेलं नाही.”

“तो पाठवणारच नाही. तहान लागली तरी पाणी मागणार नाही तो.” मग माझ्याकडे वळले. “काय गं, प्लांटवर ऐकलंय तुझं. काय शिकणार तिकडे?”

मी सांगितलं, “तुमच्या प्लांटमध्ये रिअ‍ॅक्शन पळवणारा जो कॅटॅलिस्ट असतो ना, तो काही दिवसांनी काम करेनासा का होतो आणि त्याला परत कामाला कसं लावायचं, ते.”

ते मोठ्याने हसले. “शिक, शिक. त्याच्यापायी प्लांटचा शटडाउन घ्यावा लागतो, आमची वाट लागते.” त्यांच्या बायकोने चहा आणला. चहा पिऊन होईपर्यंत आईने त्यांना ट्रस्टचं आणि जामिनाचं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, “सही करतो, वहिनी. पण कागद तुमच्या हातून घेणार नाही. त्याला आणू दे. आणि तोंडाने बोलू दे.”

परत येताना बसमध्ये आई म्हणाली, “अर्धा काम झाला.” मला उरलेल्या अर्ध्याची धास्ती होती.

बाबांना सांगितल्यावर त्यांनी हातातला पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, “मला न विचारता गेलीस.”

“इचारला असता तर गेलय नसतंय,” आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद डब्याच्या पिशवीत घालून बाबा कामावर गेले. पुढचं आम्हाला त्यांनी कधी सांगितलं नाही. ते सांगितलं त्या काकांनीच, नंतर, आमच्या घरी बसून, बाबांसमोर. बाबांनी म्हणे तो कागद पॅनेलवर त्यांच्यापुढे ठेवला आणि मीटरकडे बघत उभे राहिले.

“काय आहे हे?”

“तुला माहीत आहे काय आहे.”

“मला कसं माहीत असणार? मीटरवर तर दिसत नाही.”

शेजारचे दोघे ऑपरेटर रीडिंग घ्यायचं सोडून बघत होते. बाबा म्हणाले, “माझ्या मुलीला जामीन राहा.”

काकांनी बाबांच्याच खिशातलं पेन काढलं, सही केली, पेन परत लावलं आणि म्हणाले, “एवढं बोलायला किती वर्षं घेतलीस रे?” त्या शनिवारी ते आमच्याकडे आले. पिशवीत मोठा हलवा मासा होता. आईने नव्या मसाल्यात त्याची आमटी केली, आणि जेवताना दोघंही जण प्लांटवरच्या कुठल्यातरी साहेबाला अशा काही शिव्या घालत होते, की जणू मधली वर्षं झालीच नव्हती.

जुलैत अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये व्हिसाची मुलाखत. आई बरोबर आली. तिला आत सोडत नव्हते, म्हणून ती समुद्राकडच्या कठड्याशी, इतर मुलांच्या आईवडिलांबरोबर थांबली. आत काचेपलीकडचा अधिकारी कागद चाळत राहिला. पहिल्या सेमिस्टरचे पैसे कुठून? मी सांगितलं: कर्ज, वडिलांचा फंड. तिकीट? आईने कमावलंय.

“आई काय करते?”

“मसाले बनवते.”

“म्हणजे, व्यवसाय?”

गच्ची, चादरी, शिंकणारा जिना डोळ्यांपुढून गेला. “हो,” मी म्हटलं. “व्यवसाय.”

“आणि हेच विद्यापीठ का?”

“त्यांनी फी नसताना माझा अर्ज वाचला.”

तो पहिल्यांदा कागदांवरून नजर उचलून हसला आणि म्हणाला, पासपोर्ट दुपारी घेऊन जा.

बाहेर आले तर आई दुरूनच उठून उभी राहिली. मी मान डोलावली. शेजारी बसलेल्या एका अनोळखी पंजाबी बाईने तिला मिठी मारली. ह्या दोघी सकाळपासून कुठल्या भाषेत बोलत होत्या कुणास ठाऊक.

आम्ही एका दुकानातून बाबांच्या कंट्रोल रूमला फोन लावला. फोन काकांनी उचलला, आणि मी दोन शब्द बोलायच्या आत ते ओरडले, “अरे, मिळाला! पोरीला मिळाला!” मागे कल्ला झाला. मग बाबा आले. “मिळाला ना?” हो म्हटलं. “बरं,” ते म्हणाले, आणि जरा वेळाने, “बरं झालं.” फोन ठेवायचं मात्र त्यांना सुचत नव्हतं. मीच ठेवला.

दुसऱ्या दिवशी आई आणि मी तिकीट काढायला गेलो. पैसे आईने स्वतः मोजून एजंटच्या टेबलावर ठेवले. तो लिहून घेत होता. “सीट कुठली? खिडकी की मधली?”

“खिडकी,” माझ्याआधी आई म्हणाली. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, “खिडकी उघडता येता काय गो त्याची?” एजंटने लिहिता लिहिता मान वर केली. मी म्हटलं, नाही येत. “मग काचेतून बघ,” ती म्हणाली, “आणि काय काय दिसला ता माका लिहून पाठव.”